साठा घटला, रोकड वाढली, मग नफा का घसरला?

प्रश्न
आमच्या कारखान्याने गेल्या वर्षी जस्ट-इन-टाइम (साठा न करता लागेल तेव्हा लागेल तेवढेच बनवण्याची) पद्धत स्वीकारली. तयार मालाचा साठा जवळजवळ शून्यावर आला, गोदाम मोकळे झाले आणि बँकेतील शिल्लक सुधारली. विक्री, विक्रीचा दर आणि खर्च पूर्वीइतकेच असूनही ॲब्सॉर्प्शन कॉस्टिंगच्या (कारखान्याचा स्थिर खर्चही प्रत्येक नगाच्या किमतीत धरणाऱ्या पद्धतीच्या) पत्रकात नफा घटलेला दिसतो, त्यामुळे ही पद्धतच तोट्याची असल्याचा व्यवस्थापनाचा समज झाला आहे. हा फरक नेमका कुठून येतो आणि तो पुढील वर्षीही राहील का?

प्रतिसाद १
फरक स्थिर ओव्हरहेडचा, म्हणजे उत्पादन कमी-जास्त झाले तरी न बदलणाऱ्या भाडे, पगार अशा खर्चाचा आहे. वार्षिक स्थिर ओव्हरहेड ५,००,००० रुपये आणि सर्वसाधारण उत्पादन १०,००० नग धरल्यास प्रत्येक नगावर ५० रुपये चढतात. वर्षारंभी २,००० नग शिल्लक असतील, तर त्यांच्या मूल्यात मागील वर्षाचे १,००,००० दडलेले असतात. यंदा विक्री १०,००० नगांची झाली, पण साठा संपवण्यासाठी उत्पादन ८,००० नगांचेच केले, तर चालू वर्षाचे संपूर्ण ५,००,००० आणि जुन्या साठ्यासोबत आलेले १,००,००० असे एकूण ६,००,००० याच वर्षाच्या नफ्यातून वजा होतात. मार्जिनल कॉस्टिंगमध्ये स्थिर खर्च साठ्यात न धरता त्याच वर्षी वजा होतो, म्हणून तिथे ५,००,०००च वजा झाले असते. दोन्ही पद्धतींच्या नफ्यांतील फरक दाखवणारे ताळमेळ पत्रक व्यवस्थापनापुढे ठेवावे. पुढे उत्पादन आणि विक्री सारखी राहिली, की हा फरक उरत नाही. खरी काळजी उलट्या बाजूची आहे: विक्री नसताना गोदाम भरत राहिले, तर याच नियमामुळे नफा फुगलेला दिसतो आणि त्याबद्दल शाबासकीही मिळते.

प्रतिसाद २
साठा उतरवण्यापूर्वी यंत्राच्या सेटअपचा (साचे बदलून पुढच्या मालासाठी यंत्र तयार करण्याचा) वेळ कमी केला होता का, हेही तपासावे. ईओक्यूच्या (एका वेळी किती माल बनवणे सर्वांत स्वस्त पडते, हे सांगणाऱ्या) सूत्रात मागणी आणि साठवणुकीचा खर्च कायम ठेवून प्रत्येक वेळचा सेटअप खर्च एक चतुर्थांशावर आणला, तर लॉट (एका वेळी बनवायचे नग) निम्मा होतो. सेटअप तसाच ठेवून केवळ लॉट लहान केले, तर साठवणुकीत वाचलेला पैसा साचे बदलण्यातच जातो.

प्रश्नकर्ता
ताळमेळ पत्रक तयार करतो. साठाच नाही, तर नोंदी कमी करण्यासाठी बॅकफ्लश कॉस्टिंग (नग पूर्ण झाल्यावरच खर्चाची नोंद करण्याची पद्धत) वापरावे का?

प्रतिसाद ३
वापरता येईल, मात्र बिल ऑफ मटेरियल, म्हणजे एका नगाला लागणाऱ्या भागांची यादी, अचूक हवे. या पद्धतीत कच्चा माल उत्पादनाला दिल्याची नोंद प्रत्येक टप्प्यावर होत नाही. नग पूर्ण झाल्यावर प्रमाण (आधीच ठरवलेल्या) खर्चानुसार माल मागाहून वजा केला जातो. यादीत चार स्क्रू आणि प्रत्यक्षात एक हरवून पाच लागत असतील, तर ही तूट प्रत्यक्ष साठामोजणी होईपर्यंत कुणालाही दिसत नाही.

शिवाय माल संपल्याने होणारे नुकसान कोणत्याच खात्यात आगाऊ दिसत नाही. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधील कारिया येथील आयसिन सेइकी कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधील एक लहानसा व्हॉल्व्ह जवळजवळ पूर्णपणे तिथूनच येत असे आणि हाताशी साठा काही तासांचाच होता, त्यामुळे टोयोटाचे जपानमधील बहुतेक उत्पादन काही दिवस थांबले. म्हणून एकाच पुरवठादाराकडून येणाऱ्या भागांची वेगळी यादी करून त्यांचा थोडा राखीव साठा ठेवावा, आणि त्याचा खर्च अकार्यक्षमता म्हणून न दाखवता स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावा.