समुद्राजवळचं कॉटेज आणि सोबत दोन कुत्रे: बुकिंगआधी काय विचारायचं?

ओसरी:
पुढच्या महिन्यात चार दिवस किनाऱ्याजवळ कॉटेज घ्यायचं आहे. सोबत लॅब्रेडोर (३ वर्षं, ३० किलो) आणि म्हातारी, ठेंगणी पॉमेरेनियन. जाहिरातीत नुसतं 'कुत्रा चालेल' लिहिलंय. मालकाला नेमकं काय विचारू? आणि लॅब पाणी दिसलं की घुसणारच, तर काय सांभाळायचं?

आडणा:
'कुत्रा चालेल' याचा अर्थ पुष्कळदा 'अंगणात बांधलात तर चालेल' असा निघतो. म्हणून पहिला प्रश्न हाच: रात्री घरात झोपू देणार का? मग दोन कुत्रे चालतात का, वजनाची अट आहे का, त्यांना घरात एकटं ठेवून जेवायला बाहेर जाता येईल का, आणि जादा पैसे परत मिळणारी अनामत आहे की साफसफाईचे. उत्तरं मेसेजवरच घ्या. फोनवर 'हो हो, चालतंय की' म्हणणाऱ्याला ऐनवेळी काही आठवत नसतं.

खरी मेख कुंपणात असते. 'सगळं बंदिस्त आहे' यावर विसंबू नका. बंद फाटकाचा, खालची फट दिसेल असा फोटो मागवा. पॉमेरेनियनला निसटायला ४ इंच पुरतात. लॅबसाठी ४ फूट उंची सहसा चालते, पण कुंपणाला टेकून बाक किंवा लाकडांचा ढीग असेल तर त्याला आयती पायरी मिळते. झुडपांचं कुंपण वरून गच्च दिसतं, बुंध्याशी मात्र पोकळ असतं. शिवाय खाऱ्या हवेनं कड्या-बिजागऱ्या गंजतात. कडी लागल्यासारखी दिसते आणि ३० किलोचा धक्का बसला की सुटते. हातभर साखळी आणि एक कुलूप सोबत ठेवा.

उंदराचं औषध कुठे टाकलंय, विहीर किंवा टाकी उघडी आहे का, मालकाचा कुत्रा आवारात मोकळा असतो का, हेही विचारा.

खारवट:
लॅबला लाटांत चेंडू टाकू नका. चेंडू पकडताना तोंड मोठं उघडतं आणि दर खेपेला घोटभर समुद्र पोटात जातो. चपटं, तरंगणारं खेळणं बरं. दर १५ मिनिटांनी बाहेर काढून सावलीत गोडं पाणी द्या. थोडं खारं पाणी गेलं तर पातळ शी होऊन निभावतं. वारंवार उलट्या, झोकांड्या, थरथर किंवा झटके दिसले तर रक्तातलं सोडियम वाढलेलं असू शकतं; तिथे वाट बघायची नाही, थेट पशुवैद्य. त्यांचा नंबर जायच्या आधीच शोधून ठेवा.

वाळूने माखलेलं खेळणं चघळूनही वाळू पोटात साठते. उलट्या होणं आणि शी बंद होणं, ही आतडं तुंबल्याची खूण. किनाऱ्यावर पडलेले मेलेले मासे तोंडात घेऊ देऊ नका, फुगा मासा तर विषारीच. 'सोड' ही आज्ञा घरीच पक्की करून घ्या.

ओसरी:
खारं पाणी जास्त गेलं तर वरून भरपूर गोडं पाणी पाजून मीठ उतरवायचं का?

खारवट:
नाही! लक्षणं दिसत असतील तर बळजबरीने तर अजिबात नाही. सोडियम झपाट्याने खाली आलं तर मेंदूला सूज येऊ शकते. ते सलाइनने, मोजून मापून, डॉक्टरच उतरवतात.

पायपुसणं:
घरातलं थोडं. पोचल्यावर सामान उतरवायच्या आधी सोफ्याचे पाय, दारांचा खालचा भाग, गाद्या यांचे फोटो काढा. आधीच्या पाहुण्यांचे ओरखडे तुमच्या अनामतीतून जायला नकोत. मग दोघांना पट्ट्यावर घेऊन घरभर फिरवा, नव्या जागी लघवीने खूण करायची हौस तेव्हाच असते. झालीच तर फडक्याने टिपून घ्या आणि एन्झाइमवालं क्लीनर वापरा. अमोनियाचा वास असलेलं नको, त्या वासावर कुत्रा पुन्हा तिथेच येतो.

म्हातारीसाठी रबरी मॅट न्या. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात आणि मग ती उठायलाच बघत नाही. समुद्रावरून आल्यावर दाराबाहेरच गोड्या पाण्याने धुवा, बोटांमधली वाळू काढा, कान कोरडे करा. लॅबचे लोंबते कान ओले राहिले की दोन दिवसांत खाजवणं सुरू.

आडणा:
वेळेचं राहिलं. ओहोटीची वेळ बघून निघा, ओली घट्ट वाळू पायांना सोपी असते. ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे पहिल्या दिवशीचं वेळापत्रक चौथ्या दिवशी चालणार नाही. दुपारी कोरड्या वाळूवर तळहाताची मागची बाजू ७ सेकंद टेकवून बघा. चटका बसला तर दोघंही घरातच.