विषय: हौसा संदेशात ‘का’ लिहावे की ‘कू’? (शुक्रवारपूर्वी निर्णय हवा)

अपापाहून (लागोस), मंगळवार सकाळ

नायजेरियातल्या आपल्या मराठी मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

टोमॅटो पेस्टच्या पुड्यांचा नवा भाव सोमवारपासून लागू होत असून, तो उत्तरेकडच्या कानो शहरातल्या सुमारे चारशे दुकानदारांना शुक्रवारपर्यंत तिथल्या हौसा भाषेत एसएमएसने कळवायचा आहे. मागच्या वेळी काय घडले ते आपणा सर्वांना ठाऊक आहेच, म्हणून या वेळी आधीच विचारतो.

अनुवादकाने ‘आपल्या दुकानात’ यासाठी ‘शागोन्का’ असा शब्द दिला आहे. आमच्या गोदामातल्या कानोच्या मुलाने तो वाचला आणि त्याला हसू आवरेना; ‘का’ हा प्रत्यय एकट्या पुरुषासाठी असतो, बाईला ‘शागोन्की’ म्हणावे लागते आणि अनेकांना ‘शागोन्कू’. आमच्या यादीत निदान सत्तर हाजिया, म्हणजे बायका दुकानदार, आहेत. त्यांना पुरुष समजून पत्र धाडणे बरे दिसत नाही, आणि दोन वेगळ्या याद्या करण्याइतका वेळ हाताशी नाही. सरसकट ‘कू’ चालेल काय?

दुसरा प्रश्न पैशांचा आहे. अनुवादक ‘क’ आणि ‘द’ यांची आकडेवाली, म्हणजे हुकासारखा बाक असलेली, अक्षरे (ƙ, ɗ) सोडायला तयार नाही, आणि त्या अक्षरांमुळे मागच्या वेळी बिल तिप्पट आले होते. जून 2023 मध्ये नायराचा, म्हणजे इथल्या चलनाचा, दर खुला सोडल्यापासून आम्ही इतक्यांदा भाव बदलले आहेत की, दर वेळी तिप्पट खर्च सोसणे शक्य नाही.

कानोहून, मंगळवार दुपार

नमस्कार.

‘कू’च लिहावे. नभोवाणीवरच्या जाहिरातींत बहुधा तेच ऐकू येते. परंतु आपण ज्या कारणासाठी ते निवडत आहात, त्याहून मोठे कारण निराळेच आहे.

आपल्या यादीतल्या हाजियांपैकी बऱ्याच जणी बाजारात बसत नाहीत. त्या घरात राहून, म्हणजे येथील ‘कुल्ले’च्या रिवाजाप्रमाणे पडद्याआड राहून व्यापार करतात, आणि माल आणणे-पोचवणे मुलांकडे असते. आपल्याकडे नोंदलेला फोन पुष्कळदा थोरल्या मुलाच्या खिशात असतो. मग संदेश वाचणारा तो, दुकान आईचे, आणि ओट्यावर शेजारची वहिनीही बसलेली. तेथे ‘का’ही चुकतो आणि ‘की’ही चुकते, ‘कू’मध्ये सगळे घर मावते.

चारशेपैकी किती जणांना रोमन लिपीतली हौसा सहज वाचता येते, हेही विचारात घ्यावे. जुन्या पिढीतल्या अनेकांनी अक्षरओळख कुराणाच्या शाळेत करून घेतली आहे, त्यामुळे ते हौसा अरबी लिपीत, म्हणजे अजमीत वाचतात. 500 नायराच्या नोटेवर अजमीतली ओळ आजही छापलेली आहे, खिशातून काढून पाहावी. म्हणून एसएमएसच्या जोडीला वीस-तीस सेकंदांचा ध्वनिसंदेश व्हॉट्सॲपवर पाठवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यापारी शब्दांची जी वही मी मंडळासाठी केली होती, तिच्यात हे सगळे आले आहे. गेल्या गणपतीत स्वागतफलकावरची हौसा ओळ कोणाला विचारून लिहिली गेली, हा विषय मी पुन्हा काढत नाही.

इबादानहून, मंगळवार रात्र

कानोकर काकांच्या पत्रावरून सुचले म्हणून लिहिते.

आमच्या भागातल्या योरुबा भाषेत बाई-पुरुष हा भेद सर्वनामात नाही, तेथे सगळी मेख मानात आहे. वयाने वा मानाने मोठ्या माणसाला ‘ओ’ म्हणणे म्हणजे सरळ अरे-तुरे करणे होय. त्यासाठी अनेकवचनी ‘ए’ आहे, जसे आपले ‘तुम्ही’. येथे आल्यावर पहिले काही महिने मी भाजीवाल्या आजींना पोरांकडून ऐकलेल्या ‘ओ’नेच बोलत होते. त्यांनी कधी टोकले नाही, फक्त भाव मात्र कधी उतरवला नाही. ज्या दिवशी ‘ए कारो’ (शुभ सकाळ) म्हणत गुडघे किंचित वाकवले, त्या दिवशी दोन टोमॅटो वर टाकले. कागदावर चालणारा मायना आणि तोंडावर चालणारा मायना यांत मराठी माणसाने तरी गफलत करू नये.

आकड्यांचेही सांगते. एका पत्रकात आमच्या अनुवादकाने भाव शुद्ध योरुबा अक्षरांत लिहिला. योरुबात 45 म्हणजे ‘पन्नासाला पाच कमी’, आणि तो पन्नास स्वतः ‘साठाला दहा कमी’. ‘एकोणपन्नास’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना ती रचना मोहात पाडते, पण त्या दिवशी भाव विचारणारे इतके फोन आले की दुपारचे जेवण राहिले. बाजारात आकडा इंग्रजीतच बोलतात. भाव अंकांत लिहावा.

ओनित्शाहून, बुधवार सकाळ

इबादानच्या वहिनींचे भावाच्या आकड्यांविषयीचे म्हणणे अगदी पटले. बाकी हा सर्व खटाटोप कशासाठी, हे मात्र कळत नाही.

सरळ पिजिनमध्ये, म्हणजे इथल्या मिश्र इंग्रजी बोलीत, लिहावे. तिच्यात बाई-पुरुष नाही, आकडेवाली अक्षरे नाहीत, आणि 2017 पासून बीबीसीसुद्धा तिच्यात बातम्या देते. आमच्या बाजारात बोलणे इथल्या इग्बो भाषेत होते, परंतु लेखी इग्बो व्यापाऱ्यासमोर ठेवली तर तो ती बाजूला सारून ‘इंग्रजीत द्या’ म्हणतो; पिजिन मात्र हसत वाचतो. लागोसच्या पिजिन रेडिओचे ‘वाझोबिया’ हे नाव तरी काय आहे? ‘वा’ योरुबा, ‘झो’ हौसा, ‘बिया’ इग्बो, आणि तिन्हींचा अर्थ ‘ये’. एकाच हाकेत सगळा देश आला.

कानोहून, बुधवार सकाळ

ओनित्शाच्या भाऊंनी एकाच हाकेत देश बोलावला, परंतु कानो आली नाही.

सबोन गारी भागात पिजिन चालेल, कारण ती वस्तीच मुळी दक्षिणेकडून आलेल्यांची. जुन्या शहरातल्या तटबंदीच्या आत मात्र पिजिन ही परक्यांची आणि वात्रट पोरांची बोली समजली जाते. सत्तरीच्या अल्हाजींना भाववाढीची बातमी पिजिनमध्ये कळवणे म्हणजे श्राद्धाचे आमंत्रण गल्लीतल्या टवाळखोर भाषेत देण्यासारखे आहे. भाव वाढवणारा माणूस आधीच अप्रिय असतो, त्याने निदान अदबीने बोलावे.

इकेजाहून, बुधवार दुपार

नमस्कार. भाषेविषयी मी बोलणार नाही, तो प्रांत काकांचा. बिलाचे मात्र मला सांगता येईल, कारण संदेश पाठवण्याची यंत्रणा मीच सांभाळते.

एका एसएमएसमध्ये 160 अक्षरे मावतात, ती ठरावीक संचातली असतील तोवरच. त्या संचाबाहेरचे एक जरी अक्षर आले, तरी संपूर्ण संदेशाची मर्यादा 70 वर येते, आणि संदेश लांबला तर तुकडे जोडण्याची खूण धरून प्रत्येक तुकड्यात 67 च अक्षरे उरतात. अपापाचा मजकूर 150 अक्षरांचा आहे, म्हणजे एकाचे तीन, चारशेचे बाराशे. मराठीत एसएमएस लिहिणाऱ्यांना हा 70 चा फटका ठाऊक असेल. त्यापायी आपणही वर्षानुवर्षे आईला रोमन अक्षरांत खुशाली कळवली.

मात्र दोष केवळ आकडेवाल्या अक्षरांचा नाही. मी मजकूर खाली उतरवून एकेक अक्षर पुसत गेले. अक्षरांचे आकडे काढले, तरी तीनच. नायराचे चिन्ह काढून साधा ‘एन’ घातला, तरी तीनच. शेवटी ‘जुम्मा’ या हौसा शब्दातल्या स्वल्पचिन्हावर (अपॉस्ट्रॉफीवर) बोट थांबले. वर्डने ते आपोआप वाकडे केले होते. कीबोर्डवरचे सरळ चिन्ह घालताच तीनाचा एक झाला. मागच्या वेळी अनुवादकाला जे ऐकावे लागले, त्यातला थोडा भाग त्या वाकड्या चिन्हाच्या वाट्याला जायला हवा होता.

आणखी एक गोष्ट. ज्यांनी 2442 या क्रमांकाला कळवून जाहिरातींचे संदेश बंद करून घेतले आहेत, त्यांच्यापर्यंत हा संदेश पोचणार नाही. त्यांना फोनच करावा लागेल.

कानोहून, बुधवार संध्याकाळ

ताईंनी चिन्ह शोधले ते उत्तमच झाले, परंतु आकडे काढण्याला माझी संमती गृहीत धरू नये. आकडेवाल्या ‘क’ने ‘कारा’ लिहिले तर ‘वाढवणे’, साध्या ‘क’ने लिहिले तर ज्वारीचे ताट, म्हणजे धांडा. वाचणारा संदर्भाने समजून घेईल हे मान्य, कारण येथली तरुण मुले फोनवर आकडे वगळूनच लिहितात. दुकानात लावायच्या छापील पत्रकात मात्र ती अक्षरे असलीच पाहिजेत. तेथे अक्षरामागे पैसे पडत नाहीत, आणि कंपनीचे नाव खाली असते.

इबादानहून, बुधवार रात्र

काकांच्या ज्वारीच्या ताटावरून राहवले नाही. योरुबात ‘ओको’ एका सुरात म्हटले तर नवरा, शेवट चढवला तर कुदळ, उतरवला तर गाडी. चिन्हे वगळून ‘नवी गाडी’ लिहिली की माझी मोलकरीण अजून हसते.

अपापाहून, गुरुवार सकाळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढीलप्रमाणे करतो आहे.

एसएमएस हौसातच जाईल, सरसकट ‘कू’ने, अक्षरांना आकडे न घालता, सरळ स्वल्पचिन्हाने आणि भाव अंकांत. छापील पत्रकावर आकडेवाली अक्षरे राहतील. त्याचे मुद्रित काकांनी तपासून द्यावे, ही विनंती. सबोन गारीतल्या साठेक दुकानांची यादी निराळी काढली असून तेथे पिजिन जाईल. ओनित्शाच्या भाऊंनी आज दोन ओळी लिहून धाडाव्यात, पण विनोद नको, भाव वाढतो आहे.

ध्वनिसंदेशासाठी गोदामातल्या मुलाचा आवाज काल घेतला. तो ऐकून त्याच्याच आईने फोनवर सांगितले की, असा घाईघाईने बोलणारा माणूस काहीतरी लपवतो आहे असे वाटते, आणि विचारपूस न करता थेट भावावर कोणी येते काय. ती स्वतः घरून तेल विकते. तिने आधी घरच्यांची आणि धंद्याची चौकशी केली, मग दोनदा सावकाश भाव सांगितला. संदेश वीस सेकंदांचा पन्नास सेकंदांवर गेला. तोच पाठवतो आहे. उद्या जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी नको, म्हणून सकाळी दहाच्या आत पाठवीन. काकांनी तो आज रात्री ऐकून ठेवावा.