ग्राफिक्स कार्ड बदललं, गेम लावला की स्क्रीन काळी. काय बदलू? (बजेट 3 हजार)

केळीबाग_रावेर
राम राम मंडळी. आय5-10400एफ प्रोसेसर, एच410 बोर्ड, 16 जीबी रॅम. जीटी 730 काढून जळगावहून सेकंडहँड आरटीएक्स 3060 (12 जीबी) आणलं. डेस्कटॉप, यूट्यूब ठीक. गेम किंवा लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की 5-10 मिनिटांत स्क्रीन काळी, कार्डाचे पंखे फुल्ल, बटण दाबून बंद करावं लागतं. पॉवर सप्लाय जुनाच, 450 वॉट. त्याला कार्डाची 8 पिन वायर नाही म्हणून दोन मोलेक्सचा (जुने 4 पिनचे प्लग) कन्व्हर्टर लावलाय. टेस्टिंग वॉरंटीचे 3 दिवस उरलेत.

शेवभाजी_धुळे
750 वॉटचा सप्लाय घ्या, गोल्ड (वीज कमी वाया घालवणारा), मॉड्युलर (सुट्या वायरींचा). माझ्याकडे तेच आहे. 3 हजारांत डबा येतो.

भुसावळ_जंक्शन
मे महिना आहे भाऊ! 45 डिग्रीत कार्ड तरी काय करणार? बाजूचा पत्रा काढ, टेबलफॅन लाव.

तापीकाठ
गरम झालं तर आधी क्लॉक (कार्डाचा वेग) उतरतो, फ्रेम पडतात. 3060 ची मर्यादा 93 अंश आहे. तुमचं किती जातंय? आणि सप्लायच्या स्टिकरवर +12 व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत? 450 चा आकडा विसरा.

केळीबाग_रावेर
71 अंश. 12 व्होल्टला 18 अँपिअर.

तापीकाठ
12 गुणिले 18, म्हणजे 216 वॉट. कार्ड 170 चं, 10400एफ टर्बोत 134 पर्यंत जातो. दोघांचेच 304 झाले, शिवाय कार्ड क्षणभर 170 च्या वर उसळी मारतं ते वेगळंच. त्यात तो कन्व्हर्टर. 8 पिनमध्ये 12 व्होल्टच्या तीन तारा असतात, मोलेक्समध्ये एकच पिवळी. दोन्ही मोलेक्स एकाच वायरवरचे असले तर सगळा भार त्या एका तारेवर. प्लग काढून बघा, पिवळसर किंवा मऊ झाला असेल तर पुन्हा लावू नका.

अहिराणी_गडी
कार्ड मरेल नही शे भाऊ, सप्लाय रडी राहिना.

नवा_ड्रायव्हर
सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर पुसायचं सॉफ्टवेअर) मारा, जुना ड्रायव्हर साफ करा. 730 चे अवशेष राहतात.

नंदुरबारी_तिखट
अर्थिंग कोणी विचारलंच नाही. न्यूट्रल आणि अर्थमध्ये 2-3 व्होल्टच्या वर दिसलं तर आधी खड्ड्यात मीठ-पाणी ओता. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते.

शेवभाजी_धुळे
अर्थिंगने स्क्रीन काळी होत नाही हो. 750 घ्या.

नंदुरबारी_तिखट
कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, तेव्हा आठवण काढा.

तापीकाठ
अर्थिंग बघाच, पण तो वेगळा विषय. डीडीयूला पैसे लागत नाहीत, करून टाका. मग दोन चाचण्या.

एक: मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर, रिकाम्या मोलेक्सच्या पिवळ्या-काळ्यावर. टोकं एकमेकांना टेकवू नका. गेम चालू असताना 11.4 च्या खाली गेलं तर सप्लाय दोषी.

दोन: आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर) पॉवर लिमिट जितकी खाली जाईल तितकी आणा. तेव्हा टिकलं तर भाराचाच प्रश्न.

बायोसमध्येच हिरवे-गुलाबी ठिपके दिसले तर मात्र कार्डाची मेमरी गेलेली समजा. कार्ड दुसऱ्याच्या चांगल्या सप्लायवर तासभर चालवून बघा, तेही वॉरंटी संपायच्या आत.

भुसावळ_जंक्शन
विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर 41 ही एरर दिसेल. म्हणजे सप्लायच.

तापीकाठ
41 म्हणजे फक्त 'मशीन नीट बंद झालं नाही'. बटण दाबून बंद केलं तरी तोच येतो.

केळीबाग_रावेर
डीडीयूने फरक नाही. डेस्कटॉपवर 12.05, गेममध्ये 11.2 आणि काळं. लिमिट खाली आणली तर अर्धा तास चाललं. दुकानात 650 वॉटवर तासभर काहीच झालं नाही. एक मोलेक्स पिवळा पडलाय.

तापीकाठ
कार्ड चांगलं आहे. 550 वॉट ब्रॉन्झ, 12 व्होल्टला 40 च्या वर अँपिअर आणि स्वतःची 8 पिन वायर, एवढं बघा. 3 हजारांत बसणार नाही, हजार-दीड हजार जास्त धरा.

शेवभाजी_धुळे
तेवढ्यात अजून थोडे टाकले की 750!

केळीबाग_रावेर
दुकानदार 3060 च्या बदल्यात जीटीएक्स 1650 आणि वरचे पैसे परत देतोय. पॉवर वायर लागत नाही, सप्लाय तोच राहील. घेतलं.

नवा_ड्रायव्हर
12 जीबी सोडून 4 जीबी?

अहिराणी_गडी
अरे भाऊ!

तापीकाठ
घेतलंच आहे तर ऐका. 1650 स्लॉटमधून 75 वॉट ओढणार, प्रोसेसर 134. झाले 209, सप्लाय 216 चा आणि जुना. बायोसमध्ये प्रोसेसरच्या शॉर्ट आणि लाँग ड्युरेशन, दोन्ही पॉवर लिमिट 65 वॉट करा. एक्सपोर्टचं एन्कोडिंग एन्व्हेंकवर (कार्डातला व्हिडिओ एन्कोडर) टाका, प्रोसेसरवर भार कमी येईल. तो पिवळा मोलेक्स कशालाच लावू नका, हार्ड डिस्कलाही नाही.

नंदुरबारी_तिखट
आणि अर्थिंग?