‘विंडोज ऑन द वर्ल्ड’ची ख्याती केवळ उंचीमुळे होती का?

मेघदूत (प्रश्न)

न्यूयॉर्कमधील वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यात १०६ आणि १०७ या मजल्यांवर ‘विंडोज ऑन द वर्ल्ड’ हे उपाहारगृह होते. १९७६ साली सुरू झालेले हे उपाहारगृह २००० साली अमेरिकेतील सर्वाधिक उलाढालीचे ठरले आणि त्या वर्षी त्याचे उत्पन्न सुमारे ३.७ कोटी डॉलर होते, असे वाचनात आले. उंचावरच्या उपाहारगृहात लोक देखाव्यासाठी जातात आणि जेवण बेताचेच असते, असा सर्वसाधारण समज आहे. मग इतकी वर्षे टिकलेली ही लोकप्रियता खिडक्यांबाहेरच्या शहराची होती की आतल्या कामाची? जाणकारांनी कृपया लिहावे.

वास्तुछंदी

देखावासुद्धा आपोआप मिळालेला नव्हता, एवढेच मला सांगायचे आहे. वास्तुकार मिनोरू यामासाकी यांना स्वतःला उंचीची भीती वाटत असे, त्यामुळे त्यांनी कचेऱ्यांच्या मजल्यांवरील खिडक्या जेमतेम दीड फूट रुंदीच्या ठेवल्या होत्या. उपाहारगृहाची अंतर्गत रचना वॉरन प्लॅटनर यांनी केली. त्यांनी जमीन पायऱ्यापायऱ्यांनी चढती ठेवली, जेणेकरून भिंतीपासून दूर बसलेल्या पाहुण्यालाही पुढच्यांच्या डोक्यावरून बाहेरचे शहर दिसावे. खिडकीजवळची मोजकी टेबले सोडून बाकीच्यांना पाठमोरे बसवणारी उपाहारगृहे पाहिली की या विचाराचे मोल कळते.

कोठीघर

आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते ‘आतल्या कामाची’ असेच आहे. या उपाहारगृहामागची कल्पकता उपाहारगृह-व्यावसायिक जो बाम यांची. पाहुण्याच्या हाती पडणारी प्रत्येक वस्तू विचारपूर्वक घडवलेली असावी, असा त्यांचा आग्रह असे आणि म्हणूनच आरेखनाचे काम त्यांनी मिल्टन ग्लेझर यांच्यासारख्या कलावंताकडे सोपवले. पाककलेसाठी जेम्स बिअर्ड आणि जॅक पेपँ यांचा सल्ला घेतला गेला.

परंतु सर्वांत दूरगामी काम मद्यविभागात झाले. केव्हिन झ्रेली या पंचविशीतल्या तरुणाकडे १९७६ मध्ये वाइनची जबाबदारी आली. अमेरिकेतील सामान्य ग्राहक तेव्हा वाइनच्या यादीला बिचकत असे. झ्रेली यांनी ती भीती घालवण्यासाठी तिथेच वाइनचे वर्ग सुरू केले. ते वर्ग उपाहारगृह नष्ट झाल्यानंतरही अनेक वर्षे अन्यत्र चालू राहिले. देखाव्याचा ज्याच्याशी काही संबंध नाही, असे हे काम आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत बळकट पुरावा आहे.

एक उणी बाजूही नोंदवायला हवी. सुरुवातीच्या काळात दुपारच्या जेवणासाठी तिथे सदस्यांना प्राधान्य देणारी क्लबाची पद्धत होती. वर्ल्ड ट्रेड सेंटर उभारणाऱ्या पोर्ट ऑथॉरिटीसारख्या सार्वजनिक संस्थेच्या इमारतीत सर्वसामान्यांना दुय्यम स्थान का, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो रास्तच होता.

सहप्रवासी

वरील प्रतिसादांत बाम, प्लॅटनर, झ्रेली अशी नावे आली, ती यायलाच हवीत. पण स्वयंपाकघरात आणि टेबलांपाशी राबणाऱ्यांचा उल्लेख राहिला. त्यांत जगाच्या निरनिराळ्या देशांतून आलेले स्थलांतरित मोठ्या संख्येने होते. फेब्रुवारी १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर उपाहारगृह बंद पडले आणि नूतनीकरण होऊन १९९६ मध्ये पुन्हा उघडले. ११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी विमान ९३ ते ९९ या मजल्यांवर आदळले, तेव्हा तिथे न्याहारीची वेळ होती आणि एक परिषदही भरली होती. तिन्ही जिने तुटल्यामुळे वरच्या मजल्यांवरून कोणीही वाचू शकले नाही. उपाहारगृहाचे सत्तरहून अधिक कर्मचारी त्या दिवशी गेले. मुख्य आचारी मायकेल लोमोनॅको चष्म्याच्या कामासाठी इमारतीच्या खालच्या भागात थांबले होते, म्हणून वाचले.

त्या दिवशी पाळीवर नसलेल्या कर्मचाऱ्यांपैकी काहींनी पुढे एकत्र येऊन जानेवारी २००६ मध्ये मॅनहॅटनमध्येच ‘कलर्स’ नावाचे, कामगारांच्याच मालकीचे उपाहारगृह उघडले आणि त्याच्या पदार्थांच्या यादीत आपापल्या देशांच्या पाककृतींना स्थान दिले. ‘कलर्स’ला उंची नव्हती, देखावाही नव्हता.

मेघदूत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘कलर्स’विषयी मला काहीच ठाऊक नव्हते. सहप्रवासी, त्या सहकारी रचनेत मालकीची वाटणी कशी होती, याविषयी आपल्याला माहिती असल्यास स्वतंत्र धागा काढावा, ही विनंती.