लायसन आहे, विमान आहे, घरून फोन आलाय. तुम्ही उडाला असता का?

सोलो_१७२: नमस्कार मंडळी. माझ्याकडे पीपीएल (खासगी पायलटचं लायसन) आहे, उड्डाणाचे १४० तास झालेत, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता नुसत्या यंत्रांवर उडवायची परवानगी) नाही. बारामतीला मित्राबरोबर भागीदारीत सेसना १७२ हे छोटं विमान आहे. मी पुण्यात, आईबाबा देवगडजवळ गावात. गेल्या जूनमध्ये दुपारी ३ ला चुलतभावाचा फोन, बाबांच्या छातीत दुखतंय, घाम सुटलाय. माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल तर चिपी, सिंधुदुर्गचं विमानतळ! बारामतीहून सरळ रेषेत साधारण २७० किमी, दीड तासात चाकं टेकली असती, गाडीने म्हणजे आठ तास. मित्र म्हणाला इथे मस्त ऊन पडलंय, ये. हडपसरपर्यंत गेलो, मग काय वाटलं कोण जाणे, गाडी वळवली आणि कोल्हापूरचा हायवे धरला. रात्री १ ला गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला पोचलो. तोवर गावातल्या मंडळींनी बाबांना तिकडे नेलं होतं, स्टेंट पडली, आता ठणठणीत आहेत, कलमांच्या फवारणीवरून गड्यांशी भांडतात. पण काका दर गणपतीत ऐकवतात, "बापाशीसाठी नाय उडवलंस तर ता विमान काय पूजेक ठेवलंस?" खरं सांगा, मी घाबरलो का?

घाटमाथा: बरीच वर्षं शिकवलंय म्हणून बोलतो. आधी घड्याळ मांड. ३ ला निघून बारामती ५. तपासणी, पेट्रोल, हवामान, फ्लाइट प्लॅन, एडीसी नंबर (हवाई संरक्षणाची परवानगी), चिपीचा टॉवर कितीपर्यंत चालू आहे ते विचारणं, घाईघाईत केलंस तरी तास. ६ ला उडालास तर साडेसात. जूनमध्ये तिकडे सूर्य ७ वाजून १० मिनिटांच्या आसपास बुडतो आणि आपल्याकडे व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून उडवणं, दिवसाउजेडीच. म्हणजे विषय तिथेच संपला, पण फोन आल्यावर हे गणित कोणी करत नाही.

दुसरं, बारामतीचं ऊन. बारामती पर्जन्यछायेत आहे रे, तिथलं ऊन बघून कोकणाचा अंदाज बांधू नये. गगनबावडा, फोंडा, आंबोली हे घाट जूनमध्ये ढगात बुडालेले असतात. खालून जावं तर डोंगर, वरून जावं तर पलीकडे खाली उतरायला भोक सापडत नाही, आणि ढगात शिरलास की संपलं. इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये इन्स्ट्रुमेंट न शिकलेल्या २० पायलटांना बाहेरचं काही दिसणार नाही अशी सोय करून उडवायला दिलं होतं, ताबा जायला सरासरी १७८ सेकंद लागले. सगळ्यांचा गेला, एकही वाचला नसता. समुद्रावरून वळसा घालू म्हणशील तर धुरकट हवेत पाणी आणि आकाश एकच होतं. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी, त्यांचा मुलगा १९९९ च्या जुलैमध्ये असाच रात्री पाण्यावरून उडताना समुद्रात कोसळून गेला, त्याचे तास तुझ्या दुपटीहून जास्त होते.

कुणीतरी_कोकणी: सगळं बरोबर हो, पण बापापेक्षा मोठं काय? मी असतो तर निदान बारामतीला जाऊन आकाश तरी बघितलं असतं. हायवेवर आठ तास ट्रकच्या मागे जीव टांगून बसण्यात कमी रिस्क आहे का, तेही मुंबई-गोव्याच्या नाहीतर फोंड्याच्या रस्त्यावर 😐

घाटमाथा: @कुणीतरी_कोकणी गाडी चहाला थांबवता येते. आणि एकदा विमानाजवळ पोचलं की माणूस परत फिरत नाही. हा हडपसरलाच वळला, जमलं कारण विमान अजून दिसत नव्हतं.

कुडाळची_डॉक्टरीण: मला वेगळं विचारायचंय, तू तिथे पोचून करणार काय होतास? बाबांना सेसनात घालून नेणार? आडवं झोपवायला जागा नाही, ऑक्सिजन नाही, घाट ओलांडायला चार-पाच हजार फुटांच्या वर जायचं, तिथे हवा विरळ, आणि हृदय बंद पडलं तर मागच्या सीटवर छाती दाबणार कोण? पेशंटचं घड्याळ आणि मुलाचं घड्याळ वेगळं असतं. पेशंटला पहिल्या तासात लागतं ते चावून खायचं अ‍ॅस्पिरिन, ईसीजी, आणि गरज असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, हे सगळं तू हवेत असताना झालं असतं किंवा तू हायवेवर असताना, काही फरक नाही. तुझी घाई बाबांचा चेहरा बघायची होती. त्यात चूक काही नाही, पण त्याला इमर्जन्सी फ्लाइट म्हणू नये.

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी हेलिकॉप्टर अ‍ॅम्ब्युलन्सच्या पायलटला जायचं की नाही हे ठरेपर्यंत पेशंटबद्दल काही सांगत नाहीत, लहान मूल आहे कळलं तर तो खराब हवेतही उडेल म्हणून. स्वतःच्या बापाच्या बाबतीत ते कसं लपवणार म्हणा. तरी विचारून बघायचं, चिपीला हापूसच्या चार पेट्या उचलायच्या असत्या तर आज निघालो असतो का.

तांडेल_देवगड: माका विमानातला काय एक कळणा नाय. पण बंदरार वादळाचो तीन नंबरचो बावटो लागलो आणि कोणाची होडी दर्यात रवली की बंदरावर हीच भांडणा. पोरगो रडता, बायको रडता, सगळे म्हणतत तांडेला जा. माझो बापूस १५५४ लावी, कोस्ट गार्डाक कळवी, आणि किनाऱ्यार बॅटरी घेऊन उभो रवी. त्याका पण लोक भित्रो म्हणत.

सोलो_१७२: आंब्याच्या पेट्यांसाठी त्या दिवशी नसतो निघालो हे नक्की. परवा काकांना फोनवर सूर्यास्त, ढग, १७८ सेकंद सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मगे पावसात चलना नाय ता घेतलंस कित्याक?"