ट्रॉलीची चेसी वाकली, सरळ करायची का भंगारात द्यायची?

यावलकर: मंडळी, वडिलांच्या काळातली ट्रॅक्टरची दोन चाकी ट्रॉली आहे, केळीचे घड भरून बांधावरून उतरवताना चेसीचा, म्हणजे खालच्या सांगाड्याचा, उजवा लांब चॅनल (C आकाराचा लोखंडी दांडा) मधेच बसला. हुकच्या पिनपासून अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावला तर दोन बोटं फरक, त्यामुळे एकच टायर खातंय. गॅरेजवाला म्हणतो भंगारात द्या. मला अजिबात पटत नाही, चॅनल वाकलाय, तुटला नाही.

शिरपूरचा भाऊ: भो, जीव अडकवू नको त्याच्यात. रोडला भरल्या ट्रॉलीची चेसी तुटली तर मागून येणारा मोटरसायकलवाला जातो. नवी घे.

चाळीसगाव वेल्डिंग: भाऊ, असं सरसकट नका सांगू. साधं माइल्ड स्टील आहे, थोडं वाकलेलं सरळ होतं. आधी पत्रे काढा न चॅनल ब्रशने साफ करून बघा, युरिया वाहिलेल्या ट्रॉलीत खालून लोखंड सडतं, हातोडी मारल्यावर पापुद्रे पडले की विषय संपला, बदलाच. लोखंड चांगलं असलं तर जाड गर्डरला बांधून जॅकने हळूहळू दाबा, सरळच्या थोडं पुढे न्यायचं कारण जॅक सोडला की ते थोडं मागे येतंच. गरम करायचंच झालं तर गडद लालपर्यंत, न हवेवरच थंड होऊ द्या. मग वाकलेल्या जागेवर पट्टी लावा, टोकं तिरकी कापलेली पाहिजे. फ्लँजवर, म्हणजे चॅनलच्या वरच्या-खालच्या कडेवर, आडवा वेल्ड मारला की तडा तिथूनच चालू होतो.

शिरपूरचा भाऊ: तुम्ही कराल दादा असं, पण खेड्यात काय चालतं? गॅस लावून लालभडक करायचं, घण मारायचा न वरून पाण्याची बादली. असल्या कामावर मी ऊस काय, कापूस पण भरणार नाही. आणि हुकच्या दांडीला तर जोड नकोच, सगळं ओढ तिच्यावर.

यावलकर: दांडीचं मान्य, ती नवीनच टाकतो. बाकी चॅनल आज घासून बघितला, आतून रंग सुद्धा टिकून आहे, म्हणून तो मी टाकणार नाही. जॅकवरच करून घेतो, समोर उभा राहून, न बादली जवळ येऊ देणार नाही.

शिरपूरचा भाऊ: मग अ‍ॅक्सलचे यू-बोल्ट पण नवे टाक, न दोन्ही बाजूचं माप जुळल्याशिवाय माल भरू नको. तरी मी नवीच घेतली असती.