मदत हवी आहे: माफिया गेममधली रात्रीची गोष्ट लोक वाचतात की नाही? (आज रात्री ९ च्या आत सांगा)

रात्रपाळी | शनिवार, दुपारी २.४०

लवकर सांगा, वेळ कमी आहे.

मी गॉड आहे, म्हणजे खेळ चालवणारा. एक दिवसाआड रात्री ९ ला, माफियांनी कोणाला मारलं त्याची गोष्ट टाकतो. मग गाव मतं देऊन संशयिताला फाशी देतं. एकेका गोष्टीला दीड-दोन तास जातात. पहिल्या रात्री सक्करदरा गेला. दुसऱ्या रात्री कोणीच गेलं नाही, तरी पाच जणांनी विचारलं, ‘कोण मेलं?’ म्हणजे गोष्ट उघडूनसुद्धा बघितली नाही. आणि बाकीच्यांनी ती इतकी खोदून वाचली की तर्रीच्या एका डागावरून काल धरमपेठला फाशी दिली. धरमपेठ रागावून निघून गेला, घरात वातावरण तापलं आहे.

गोष्ट लिहिणं बंदच करू का? की धरमपेठला परत जिवंत करू? अनुभवी लोकांनीच बोला.

बर्डीवाला | २.५१

बाप्पा! धरमपेठात काय झालं? मी आत्ताच लक्ष्मीभुवन चौकातून येऊन राहिलो, तिथं तर सगळं बराबर आहे.

सदाशिवपेठी | २.५५

‘मी गॉड आहे’ अशी सुरुवात करणाऱ्याला मदत कोण करणार? आम्ही तर उलट तुमच्याकडेच मागायची.

आई_दोन_पोरांची | ३.०२

माझ्या अनुभवावरून सांगते, मोबाईल रात्री ८ नंतर दिवाणखान्यातल्या टोपलीत ठेवायचा. पहिले तीन दिवस मुलं रडतात, मग सवय होते.

जुनी_जाणती | ३.०९

रात्रपाळी, मी फोरमवर बरेच असे खेळ चालवले आहेत, पण तुमच्या पोस्टवरून काहीच कळत नाही. खेळाडू किती? खेळता कुठे, टेलिग्राम, डिस्कॉर्ड की आणखी कुठे? मेल्यावर भूमिका उघड करता का? गोष्टीत सुगावा असतो की नसतो, हे नियमांत लिहिलं होतं का? आणि धरमपेठ हे माणसाचं नाव आहे का?

रात्रपाळी | ३.२०

हे सगळं उघड आहे म्हणून लिहिलं नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप. माफियांचा वेगळा ग्रुप. आम्ही १३ जण, सगळी मावस-चुलत-आते मंडळी. मे महिना आहे, नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोय नाही, म्हणून सुरू केलं. खेळात खरी नावं नकोत म्हणून प्रत्येकाला एकेक वस्ती दिली: सदर, महाल, इतवारी, खामला, प्रतापनगर वगैरे. एक डॉक्टर (रात्री कोणाला तरी वाचवणारा), एक डिटेक्टिव (माफिया कोण ते तपासणारा), बाकी साधे गावकरी. माफिया किती ते खेळाडूंना सांगितलेलं नाही, त्यामुळे इथेही सांगत नाही. मेल्यावर भूमिका उघड करतो. पहिल्या दिवशी बजाजनगरला फाशी झाली, तो गावकरी निघाला. धरमपेठही गावकरी निघाला.

गोष्टीचं नियमांत काही नव्हतं. गोष्ट ती गोष्ट, त्यात काय लिहायचं?

बर्डीवाला | ३.२४

हां, म्हणजे वस्ती नाही, माणूस मेला. मग ठीक आहे.

खर्रा_सोडलेला | ३.३१

भाऊ, गोष्ट बंद करा. रागवू नका, पण कोणी वाचत नाही. आमच्या हॉस्टेलला खेळायचो तर गॉड एवढंच म्हणायचा, ‘गाव जागं झालं, अमुक मेला, बोला.’ मग दोन तास कल्ला. गोष्टीची गरजच काय? लोकांना निकाल पायजे.

वाड्यातली_चिमणी | ३.३८

गोष्ट नको तर मग लुडो खेळा ना. आम्ही ऑनलाइन खेळतो तेव्हा समोर कोणाचा चेहरा दिसत नाही, आवाज थरथरलेला कळत नाही. गाव म्हणून जे काय उभं राहतं ते त्या गोष्टीमुळेच. ती काढली की १३ मोबाईल आणि एक मतदान, एवढंच उरतं.

खर्रा_सोडलेला | ३.४१

ताई, १३ पैकी ५ जणांनी ‘कोण मेलं’ विचारलं. कोणतं गाव उभं राहून राहिलं?

जुनी_जाणती | ३.४४

दुसऱ्या रात्री कोणी मेलं नाही हे वाक्य गोष्टीत नक्की कुठे होतं?

रात्रपाळी | ३.४९

शेवटच्या परिच्छेदात. आधी सांगितलं तर उत्कंठा काय राहील? आणि मी मेसेज इन्फोमध्ये बघितलं आहे, सगळ्यांच्या निळ्या खुणा आल्या होत्या.

जुनी_जाणती | ३.५६

निळी खूण म्हणजे चॅट उघडली, एवढंच. व्हॉट्सॲप लांब मेसेज मध्येच कापतं आणि खाली ‘रीड मोअर’ दाखवतं. तुमचा निकाल त्या घडीच्या आत होता. त्या पाच जणांनी वरचा तुकडा वाचला, मेलेलं कोणी दिसलं नाही, म्हणून विचारलं. ते आळशी असतीलही, पण दाराला कडी तुम्हीच लावली होती.

दोन्ही गोष्टींतला थोडा भाग इथे टाका. बघू या तुम्ही काय लिहिता ते.

रात्रपाळी | ४.०५

पहिली रात्र: ‘महालातल्या जुन्या वाड्याच्या भिंतीवरून तीन सावल्या खाली उतरल्या. मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक पुढे गेल्यावर गल्लीत उरते तसली शांतता. सकाळी दूधवाल्याला सक्करदऱ्याचं दार सताड उघडं दिसलं.’

दुसरी रात्र: ‘गांधीसागरच्या काठाकाठाने पावलं इतवारीच्या दारापाशी येऊन थांबली. पण आत कोणीतरी आधीच जागं होतं. औषधाचा उग्र वास येत होता. मारेकरी आल्या पावली पळाला, उंबरठ्यावर तर्रीचा लाल डाग तेवढा राहिला.’

तर्री अशासाठी, की लिहिताना मला भूक लागली होती. दुसरं काही कारण नाही!

सक्करदरा_बाजार | ४.१२

महालातून इतवारीत जायला गांधीसागर कशाला लागते? ते तर उलट्या दिशेला आहे. बडकस चौकातून निघायचं. एवढं फिरणारे माफिया सकाळपर्यंतही पोचायचे नाहीत.

गणिती_किडा | ४.१५

माफिया ३ आहेत तर.

रात्रपाळी | ४.१७

कोण म्हणालं?

गणिती_किडा | ४.२०

तुम्हीच. ‘तीन सावल्या.’ १३ मधून तिघं गेले, १० राहिले, त्यात ७ विरुद्ध ३. आज रात्री एक जाईल, ६ विरुद्ध ३. त्यानंतर गाव आणखी दोनदा चुकीच्या माणसाला फाशी देईल तर मधल्या रात्रीचा खून धरून ३ विरुद्ध ३ होतात आणि खेळ खलास.

यावर २००८ साली ब्रेवरमन, एतेसामी आणि मॉसेल यांचा गणिती निबंध आला आहे. डिटेक्टिव नसेल तर माफियांची संख्या एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या पटीत असली की दोन्ही बाजूंना बरोबरीची संधी मिळते. डिटेक्टिव असला तर माफिया त्याहून बरेच जास्त ठेवले तरी चालतात, एकूण संख्येच्या ठरावीक प्रमाणात.

खर्रा_सोडलेला | ४.२२

विचारलं कोणी?

जुनी_जाणती | ४.३१

रात्रपाळी, तुमच्या ग्रुपवर ‘तीन सावल्या’ कोणाच्या लक्षात आल्या का?

रात्रपाळी | ४.३४

नाही. माझ्याही नाही. आत्ता कळलं.

जुनी_जाणती | ४.४६

बघा म्हणजे. दुसऱ्या गोष्टीत इतवारीवर हल्ला झाला आणि औषधाच्या वासाने डॉक्टर तिथे होता हे सांगून टाकलंत. माफिया आपल्याच माणसावर जात नाहीत, म्हणजे इतवारी निर्दोष, हे गावाला फुकट मिळालं. तेही कोणी वापरलं नाही. जे खरोखर उपयोगाचं होतं ते सगळे ओलांडून गेले आणि तर्रीवर अडकले. का अडकले? तर्री त्यांच्या ओळखीची होती म्हणून. आधीच कोणावर तरी संशय असतो आणि गोष्टीत त्याच माणसाची खूण शोधत फिरतात. माझ्या खेळात एकदा ‘डाव्या हाताने दार ढकललं’ एवढ्यावरून एका डावखुऱ्या मुलीला उडवलं होतं. ती डॉक्टर होती.

धरमपेठचा आणि तर्रीचा काय संबंध लावला?

रात्रपाळी | ४.५३

धरमपेठ म्हणजे माझे मोठे काका. गुरुवारी रात्री गोष्ट टाकली आणि शुक्रवारी सकाळी ७ ला त्यांनी ग्रुपवर तर्री-पोह्यांचा फोटो टाकला, नेहमीप्रमाणे. प्रतापनगर म्हणाली, चोराच्या मनात चांदणं. रात्री ९ पर्यंत ६ मतं पडली.

आता काका म्हणतात, ‘पोहे खाल्ले म्हणून फाशी? आणि ते पण तू लिहिलं म्हणून?’ ग्रुप सोडला. काकू म्हणते खेळ रद्द करा. खूनही नाही, फाशीही नाही, सगळे गावकरी असं काहीतरी करा म्हणते.

वाड्यातली_चिमणी | ४.५८

काकूंचा खेळ मला आवडला.

सदाशिवपेठी | ५.०३

काकांनी गोष्ट वाचली असती तर तो फोटो टाकलाच नसता. न वाचणाऱ्याला वाचणाऱ्यांनी लटकवलं.

मॉस्कोचा_पाहुणा | ५.१०

हा खेळ १९८६ मध्ये मॉस्को विद्यापीठात दिमित्री दाविदॉव्ह यांनी तयार केला. माहिती असलेले थोडे विरुद्ध माहिती नसलेले पुष्कळ, एवढाच गाभा. पुढे १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉटकिन यांनी त्याला लांडगा-माणसाचं रूप दिलं. तेव्हा तुम्ही माफियाऐवजी लांडगे घ्या, विदर्भाला जंगल जवळ आहे.

आई_दोन_पोरांची | ५.१४

घरात भांडणं होणारे खेळ हवेतच कशाला? आम्ही पत्ते खेळतो. मेंढीकोट.

सक्करदरा_बाजार | ५.१७

मेंढीकोटात भांडणं होत नाहीत असं म्हणणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला.

तिखट_सावजी | ५.२६

सोपं आहे. गोष्ट वाचून रेकॉर्ड करा आणि ऑडिओ टाका. ऐकायला लोकांना आवडते. मी आमच्या बचतगटाच्या सूचनासुद्धा ऑडिओवरच देतो.

खर्रा_सोडलेला | ५.२८

ऑडिओ तर कोणीच ऐकत नाही बे. त्यात ‘कोण मेलं’ शोधायला पुढे-मागे ओढत बसायचं.

गणिती_किडा | ५.३१

एक राहिलं. ‘महालातल्या वाड्यावरून’ असं लिहिलंत. महाल हा तुमचा खेळाडूही आहे ना?

रात्रपाळी | ५.३३

वाडे महालातच आहेत म्हणून लिहिलं.

गणिती_किडा | ५.३४

मी वाड्यांबद्दल विचारत नाही.

रात्रपाळी | ५.३५

उत्तर देणार नाही.

सदाशिवपेठी | ५.३६

दिलंत की.

जुनी_जाणती | ५.५२

आता कामाचं बोलू, ९ ला तीनच तास आहेत. धरमपेठला जिवंत करू नका. भूमिका उघड झाली आहे. एकाला उठवलं तर बजाजनगर म्हणेल मलाही उठवा. झाली ती फाशी झाली.

आजच्या मेसेजला पहिल्याच ओळीत निकाल टाका. कोण गेलं, भूमिका काय, पुढचं मत कधीपर्यंत. मग एक ओळ, ‘खालची गोष्ट फक्त गोष्ट आहे, त्यात सुगावा नाही.’ मग गोष्ट. ज्याला वाचायची तो घडी उघडेल.

पण तुम्ही लिहिलंत तर आणखी काहीतरी सांडणारच, कारण कोण कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे. मी हल्ली भूमिका वाटण्याच्या आधीच गोष्टी लिहून ठेवते. मेलेल्याच्या नावाची जागा कोरी सोडायची. खून झाला त्या रात्रीसाठी एक, वाचला त्या रात्रीसाठी एक. तुम्हाला आता ते जमणार नाही. म्हणून काकांना लिहायला सांगा.

रात्रपाळी | ५.५७

काकांना?? ते माझ्याशी बोलत नाहीत.

जुनी_जाणती | ६.०१

ते मेलेत, त्यांना फाशी लागण्याची भीती नाही. माफिया कोण ते त्यांना ठाऊक नाही, मग सांडणार काय? गेलेल्याचं नाव शेवटच्या क्षणी तुम्ही भरा. आणि त्यांच्याशी बोलताना ‘तुमच्याशिवाय जमणार नाही’ असं म्हणा, खोटं असलं तरी.

वाड्यातली_चिमणी | ६.०४

खोटं कुठे आहे? यांना खरंच जमत नाही.

खर्रा_सोडलेला | ६.१०

पहिल्या ओळीत निकाल, एवढं तर मी ३.३१ लाच म्हणालो होतो.

वाड्यातली_चिमणी | ६.१२

तुम्ही ‘गोष्ट बंद करा’ म्हणाला होता. वर जाऊन स्वतःचंच वाचा.

रात्रपाळी | रविवार, सकाळी ८.१५

काल लिहायला वेळ झाला नाही. ६.३० ला काकांकडे गेलो. आधी म्हणाले, मेलेल्या माणसाकडे कशाला आलास. काकूने आंब्याचं पन्हं दिलं, मग विचारलं, ‘किती ओळी पाहिजेत?’ मी दहा म्हणालो. ८.५० ला त्यांनी सात वहीची पानं हाताने लिहून फोटो पाठवले. टाइप करता करता ९.४० झाले. ग्रुपवर शिव्या.

वर मी निकाल टाकला: ‘खामला गेला. गावकरी. मत रविवार रात्री ९ पर्यंत.’ त्याखाली सुगाव्याची ओळ, मग काकांची गोष्ट.

पहिला मेसेज खामल्याचा आला, ‘कोण मेलं?’

बर्डीवाला | ८.२१

काका ग्रुपवर परत आले का पण?

रात्रपाळी | ८.२६

हाव. फक्त गोष्टीपुरते म्हणतात. सकाळी ७ ला पोह्यांचा फोटो आला.

जुनी_जाणती | ८.४०

छान. आता कोणत्या शब्दावर भांडतायत?

रात्रपाळी | ८.४८

काकांनी गोष्टीत पिवळी मारबत आणली आहे, आणि सदर परवाच्या व्हिडिओ कॉलवर पिवळ्या कुर्त्यात होता. सुगावा नाही अशी ओळ स्पष्ट लिहिली आहे, तर प्रतापनगर म्हणते, ती ओळ हाच सुगावा. सदर थेट काकांना फोन करून विचारतोय. काका त्याला म्हणाले, ‘बाबू, मी काय सांगू, मला तर मेल्यावरसुद्धा कोणी काही सांगत नाही.’

सोमवारची गोष्ट आत्ताच मागून ठेवली आहे, खुनाची एक आणि बिनखुनाची एक. पाच पानांच्या आत.